ताऱ्याच्या कडेला सापडलेला ठिपका

लघुग्रहांच्या चित्रांवरून त्यांची अचूक स्थाने मोजणे हे माझे रोजचे काम आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, तासाभरात पूर्णचंद्राच्या व्यासाच्या जेमतेम साठाव्या भागाइतका सरकतो. त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने घेतलेली चार चित्रे एकामागून एक पाहिली, की सगळे तारे जागच्या जागी राहतात आणि एखादाच ठिपका पुढे सरकताना दिसतो. असाच एक ठिपका आमच्या चमूला सापडला होता. तीन रात्रींची निरीक्षणे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटर या संस्थेकडे गेली, वर्ष आणि पंधरवडा सांगणारे तात्पुरते नाव मिळाले, आणि मग आकाश ढगांनी भरून गेले. एवढ्या तुटपुंज्या नोंदींवरून काढलेली कक्षा इतकी सैल होती, की पुढच्या प्रतियुतीला त्याला नेमके कुठे शोधावे हेच ठरेना. सर्वांत आधी सापडलेला लघुग्रह सेरेसही असाच हरवला होता: इटलीतल्या पालेर्मो येथे खगोलशास्त्रज्ञ जुझेप्पे पियाझी यांनी १ जानेवारी १८०१ रोजी तो पाहिला, सहा आठवड्यांनी त्यांची निरीक्षणे थांबली, आणि गणितज्ञ गाउस यांच्या गणितामुळे तो वर्षअखेरीस पुन्हा हाती लागला.

एके दिवशी दुपारी मी चार वर्षे आधी, वेगळ्याच कामासाठी घेतलेली आमच्या संग्रहातली चित्रे तपासत होतो. एका ठळक ताऱ्याच्या प्रभेला लागून एक अंधूक ठिपका होता; पहिल्या चित्रात अर्धा बुडालेला, तिसऱ्यात मोकळा. वेग जुळला, दिशाही जुळली. ती स्थाने धरून कक्षा नव्याने काढली, तेव्हा जुन्या-नव्या सर्व निरीक्षणांतली तफावत एका विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाच्या, आत आली. माझा विश्वास बसेना, म्हणून सगळी मोजणी मी पहिल्यापासून पुन्हा केली. उत्तर तेच आले. नोंदीत शोधाची तारीख त्या तीन रात्रींपैकी पहिल्या रात्रीचीच राहिली, तरी माझ्या मनाने तो लघुग्रह त्या दुपारीच सापडला.

पुढच्या प्रतियुतींना तो सांगितल्या जागी दिसला, कक्षा पक्की झाली आणि त्याला कायमचा क्रमांक मिळाला. क्रमांकानंतर दहा वर्षे नाव सुचवण्याचा मान शोधकाचा असतो. नाव १६ रोमन अक्षरांच्या आत बसावे लागते, शक्यतो एका शब्दाचे असावे लागते, आणि राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे असेल तर तिच्या निधनाला शंभर वर्षे व्हावी लागतात. मला मोजणी शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे नाव आम्ही एकमताने ठरवले. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी मी ते रोमन लिपीत लिहून एकेक अक्षर मोजले. चौदा भरली.