धुवारी काढणं का सोडलं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रदर्शनात, लग्नकार्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे एकच प्रश्न: "मॅडम, ती धुवारीची चित्रं आता का काढत नाही?" धुवारी म्हणजे आमच्याकडचं हिवाळ्यातलं दाट धुकं. त्यामागे आणखी एक प्रश्न असतो, तोही काहीजण बोलून दाखवतात. कंटाळा आला, हात गेला, की विकली जाईनात? यातलं काहीच नाही. विकली जायची तर तीच जायची. आताची माझी हिवाळ्याची चित्रं, लख्ख उन्हातला हरभरा, कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, लोक "छान" म्हणतात आणि पुढे सरकतात.

धुवारीवर माझा जीव होता, अजूनही आहे. वर्ध्याकडे मे महिन्यात बाहेर बसून जलरंग होत नाहीत. पारा ४५ च्या पुढे गेला की ब्रश उचलायच्या आत रंग वाळतो आणि नको तिथे कडा पडतात. पावसाळ्यात कागद वाळायचं नाव घेत नाही, त्याला बुरशी धरते. धुवारीच्या सकाळी मात्र हवाच ओली असते. भिजवलेला कागद बराच वेळ साथ देतो. अल्ट्रामरीनमध्ये थोडं बर्न्ट सिएना मिसळून सोडलं की लांबचं निंबाचं झाड आपसूक विरत जातं, त्याच्या अलीकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नुसता भासतो. जवळचं तुरीचं तास, म्हणजे झाडांची ओळ, सगळ्यात शेवटी, कागद अर्धा वाळल्यावर, एका दमात घालायचं. घाई केली तर तूर वाहून जाते, उशीर केला तर कापून चिकटवल्यासारखी दिसते. धुवारीला वेगळा रंग लागतच नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. आणि चांगला कागद कापसाचाच असतो, हेही मला फार आवडायचं.

काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. अवकाळी पाऊस येऊन गेला, दोन दिवस ढगाळ राहिलं आणि मग रोज सकाळी धुवारी. भावाची तूर ऐन फुलोऱ्यात होती, कपाशीतली. मी धुऱ्यावर बोर्ड मांडून बसले होते. चित्र उतरत होतं, असं क्वचितच उतरतं. भाऊ पहाटेपासून बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत होता. धुराची ऊब मिळाली तर फुलं टिकतील, ही आशा. तो येऊन मागे उभा राहिला. डोळे लाल, अंगाला धुराचा वास. माझ्या चित्रांवर तो एरवी बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "लय मस्त दिसून राह्यलं, ताई."

मग म्हणाला, "ये इकडे, पाह्य."

तासात शिरलो. त्याने एक फांदी वाकवली. तुरीचं फूल पिवळं, पाठीवर तांबूस रेघा. पाकळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने फांदीला बोट लावलं तशी ती फुलं देठासकट खाली आली. जिथे शेंग धरायची तिथे नुसती काडी राहिली. पुढच्या झाडाला हात लावला, तेच. बुडाशी काळी माती पिवळी झालेली. उरलेल्या कळ्यांत अळी शिरलेली, त्याही त्याने उकलून दाखवल्या. आवाजात राग नव्हता.

"तुह्या चित्रात हे नाई दिसत," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "दिसन कसं? लांबून मलेही मस्तच वाटते."

हे शेवटचं वाक्य मला अजून पेलत नाही. टोमणा असता तर भांडले असते.

ते चित्र पूर्ण केलं, नागपूरच्या प्रदर्शनात विकलंही गेलं. भावाच्या खळ्यात त्या वर्षी तुरीपेक्षा कुटारच, म्हणजे भुसाच, जास्त झालं.

धुवारी मी पाडली नव्हती. मी चित्र न काढल्याने एकही फूल वाचलं नसतं. तेव्हाची मी आजही मला सुनावते: चित्र म्हणजे तलाठ्याचा पंचनामा नव्हे. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९९ ते १९०१ मध्ये लंडनचं धुकं रंगवलं, ते कोळशाच्या धुराने दाटलेलं होतं, लोकांच्या छातीत जात होतं. त्याला कोणी जाब विचारतं का? खरं आहे तिचं. पण मोने थेम्सकाठच्या हॉटेलातून बघत होता. माझा बोर्ड त्याच शेतात मांडलेला असतो.

शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी मी धुवारी सोडली, असंही कृपा करून सांगत फिरू नका. भाऊ स्वतः म्हणतो, काढ की. मीच अडकते, आणि अडकते ती जवळच्या तासाशी. निंबाचं झाड अजूनही विरघळवता येतं. तुरीपाशी आले की त्या फांदीवर काय आहे ते मला ठाऊक असतं आणि माझा वॉश, तो पातळ रंगाचा थर, नेमकं तेच पुसून टाकतो. मास्किंग फ्लुइड, म्हणजे रंग लागू न देणारं द्रावण, लावून फुलं राखून पाहिली, वरून पिवळा दिला. फुलांना कडा आल्या आणि धुवारी फाटली. फुलं मऊ केली तर ती नुसती शोभेची झाली.

म्हणून सध्या कोरडी थंडी काढते. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तसली. आभाळ धुतलेलं, सावल्या निळ्या आणि धारदार. गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते. तिच्यात काही लपत नाही, असं मी स्वतःला सांगते. पण शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची असली की त्याच थंडीत भाऊ ओलितासाठी पाण्यात उभा असतो, आणि सकाळच्या माझ्या चित्रात तो नसतो. मग हे तरी कसं चालतं, असं जुनी मी विचारते. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

धुवारी पडली की मी अजूनही कागद भिजवते. पुढच्या हिवाळ्यात एखादं चित्र होईल किंवा होणारही नाही. विचारायचं असेल तर जरूर विचारा, फक्त कंटाळा आला का, एवढं विचारू नका.