इंडिपेन्डन्सला रसद घ्यायला उतरणार असाल तर

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या अमेरिकेतल्या लांब पायवाटेवर दक्षिणेकडून उत्तरेला जाताना फॉरेस्टर पास ही खिंड ओलांडेपर्यंत बहुतेकांचं खाणं संपत आलेलं असतं. मग किअरसार्ज पासवरून ऑनियन व्हॅलीत उतरायचं, गाडीने इंडिपेन्डन्स नाहीतर बिशप गाव गाठायचं, खाणं भरायचं आणि परत वर यायचं. वाटेत ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांनी याला आरामाचा दिवस म्हटलं. साफ चुकीचं आहे हे. त्या आठवड्यातला सगळ्यात वाईट चढ मला गावातून परतताना लागला आणि त्याबद्दल एकानेही आधी अवाक्षर काढलं नव्हतं.

मुख्य वाटेच्या फाट्यापासून ऑनियन व्हॅली साधारण १२ किलोमीटर. जाताना खिंडीपर्यंत जेमतेम ३०० मीटरचा चढ, पाठ हलकी, पुढे नुसता उतार. येताना २,८०० मीटरवरून निघून ३,५८४ मीटरच्या खिंडीत, म्हणजे जवळपास ८०० मीटर चढायचं, तेही सगळ्यात जड पाठीने. अस्वलांसाठीचा खाण्याचा डबा, म्हणजे बेअर कॅन, इथे सक्तीचा आहे आणि मोठा डबा रिकामाच किलोभराच्या वर भरतो. दिवसाला ९०० ग्रॅम खाणं धरलं तर आठवड्याचे सहा किलो झाले. आदल्या रात्री पलंगावर झोपलेले पाय हे वजन उचलायला अजिबात तयार नसतात. फ्लॉवर लेकच्या वरची वळणं मी चिडून चढले. माथा समोर दिसत राहतो आणि वाट लांबच लांब आडवी फिरवत नेते.

म्हणून पाण्याचं आधी सांगते. खाली कॅम्पग्राउंडवर तीन-तीन लिटर भरून निघणारे लोक मी पाहिले. गरज नाही. गिल्बर्ट लेक आणि फ्लॉवर लेक वाटेलाच लागतात. अर्धा लिटर घेऊन निघा, फ्लॉवर लेकवर गाळून भरा. त्यानंतर मात्र वाट पाण्यापासून दूर जाते, तेव्हा तिथे आळस करू नका.

आता गाडीचं. इंडिपेन्डन्सहून ऑनियन व्हॅलीचा रस्ता सुमारे २१ किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात १,६०० मीटर चढतो. उन्हात तो चालायचा विचारसुद्धा करू नका. दुपारी खाली यायला लिफ्ट पटकन मिळते, कारण दिवसाची भटकंती करून लोक परतत असतात. वर जाणं अवघड. आम्हाला नेणाऱ्याने गावात ४० डॉलर सांगितले आणि वर पोचल्यावर सॅकचे वेगळे २० मागितले. सामान डिकीत, डिकी बंद. दिले पैसे. ही सरळसरळ लूट आहे. बसण्याआधी 'पूर्ण गाडीचे, सामानासकट' असं स्पष्ट वदवून घ्या, आणि पार्किंगमध्ये सॅक उतरवल्यावरच पैसे काढा. शनिवारी सकाळी वर जाणाऱ्या गाड्या जास्त असतात, तेव्हा रस्त्याच्या तोंडाशी उभं राहिलात तर बहुधा फुकट पोचाल.

पार्सल पाठवायचं की विकत घ्यायचं? इंडिपेन्डन्समध्ये किराणा फारसा नाही. पोस्टात 'जनरल डिलिव्हरी'ने, म्हणजे आपण येऊन घेईपर्यंत पोस्टातच ठेवायला, पाठवलेलं पार्सल ३० दिवसांपर्यंत ठेवतात, पण शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका. १९ जून ही २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे आणि नेमके त्याच सुमारास बरेच जण इथे पोचतात. ४ जुलैचंही तेच. माझं मत: आधी ठरवलेल्या तारखेला पोचण्याची खात्री नसेल तर पार्सलच्या फंदात पडू नका, सरळ बिशपला जा. ३९५ नंबरच्या हायवेवर कामाच्या दिवशी बस असते, बिशपला मोठी दुकानं आहेत, स्टोव्हचा गॅसही मिळतो. गॅसचा डबा पार्सलमध्ये घालायचाच नाही, तो विमानाने जात नाही.

आंघोळ, कपडे, पोटभर जेवण, सगळं झालं, छान झालं.

खरेदी करताना पुढचे १४० किलोमीटर डोळ्यांसमोर ठेवा. व्हर्मिलियन व्हॅली रिसॉर्ट या पुढच्या रसदीच्या ठिकाणापर्यंत ग्लेन, पिंचो, मॅदर आणि म्यूर या चार खिंडी ३,६०० मीटरच्या वर आहेत, त्यानंतर सेल्डन. बेअर कॅनमध्ये वजनाच्या आधी जागा संपते. चिप्स आणि फुगलेली पाकिटं दुकानातच सोडा. ऑलिव्ह ऑइल, पीनट बटर, टॉर्टिया, कुसकुस घ्या. सगळी खोकी दुकानाबाहेरच फाडून झिपच्या पिशव्यांत दाबून भरा आणि झाकण लागतंय ना ते गाव सोडण्याआधी बघा. टूथपेस्ट आणि सनस्क्रीनही त्याच डब्यात जातात, त्यांची जागा धरा.

परतीच्या दिवशी फाटा गाठून पुढे ग्लेन पासही उरकू, असा बेत करू नका. दुपारी वीज कडाडते, जूनमध्ये बर्फ मऊ होऊन पाय मांडीपर्यंत रुततो. बुलफ्रॉग लेकवर तंबूला बंदी आहे. खिंड उतरून किअरसार्ज लेक्सवर मुक्काम करा, शेकोटी तिथे चालत नाही. पहाटे बर्फ कडक असतानाच ग्लेनला निघा, मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे बर्फातले खिळे, सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.