बायकांसाठी कोणती पुस्तकं पाठवू?

हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. पुण्यात राहणारे नातेवाईक विचारतात, घर बदलताना कपाट रिकामं करायला निघालेले विचारतात, जत्रेला गावी आलेले नोकरदार विचारतात. "तुमच्याकडच्या बायकांसाठी पुस्तकं पाठवायचीत. सोपी, बोधपर अशी एक यादी द्या ना." सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं वाचनालय आहे, तिथं मी ग्रंथपाल आहे. शिवाय बचत गटाच्या बैठकीला पुस्तकांची पिशवी घेऊन जाते. म्हणून हा प्रश्न माझ्याकडं येतो. यादी मी कुणालाच देत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आधी ते 'बोधपर' बाजूला ठेवू. आमच्या बाईला बोध करणारे थोडे आहेत का? सासू आहे, दवाखान्यातली सिस्टर आहे, शाळेतले गुरुजी आहेत, बँकेतला साहेब आहे, आणि आता मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट सुविचार येतो. यशस्वी कसं व्हावं, सकारात्मक कसं राहावं, असली पुस्तकं देणगीत सगळ्यात जास्त येतात. ती कपाटात जशीच्या तशी उभी आहेत. खुरपून आलेल्या बाईला पहाटे पाचला उठण्याचे फायदे कोण सांगणार?

वाचनालयाचंही सांगायला हवं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला, त्याच्या अनुदानावर गावोगावी अशी वाचनालयं चालतात. आमचं एसटी स्टँडाजवळ आहे. सकाळी पेपरला गर्दी असते, सगळी गडीमाणसं. तिथं एखादी सून चपला काढून आत येईल आणि उभ्या उभ्या पुस्तकं चाळेल, हे होत नाही. मनाई कुणीच केलेली नाही. पण चार दिरांच्या देखत कपाट उघडून पाच मिनिटं निवड करायची, हे तिला जमत नाही. म्हणून पिशवी. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत, प्रोसिडिंगवर सह्या होईपर्यंत पुस्तकं सतरंजीवर पडलेली असतात. कुणी हात लावतं, कुणी नुसतं बघतं.

आणि इथं यादी कामाला येत नाही. एका बाईनं दुसरीला पुस्तक सुचवायची आमच्याकडची रीत निराळी आहे. 'चांगलं आहे, जरूर वाच' असं कुणी म्हणत नाही. ती गोष्टच सांगायला लागते, तीही ज्वारी निवडताना नाहीतर पाण्याच्या टँकरची वाट बघताना. अर्ध्यावर आणून थांबते. "मग पुढं काय झालं?" "मला काय ठावं, मी तितकंच वाचलंय." बहुतेक वेळा हे खोटं असतं, तिनं सगळं वाचलेलं असतं. दुसरी तऱ्हा याहून चलाख. "तू नको वाचू बाई, तुला झोप न्हाई लागायची." एवढं म्हटलं की ते पुस्तक दुसऱ्या दिवशी हमखास मागितलं जातं.

ही रीत नवी नाही. श्रावणात शिवलीलामृताची पोथी लावायची, एकीनं ओव्या वाचायच्या, जाणतीनं अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी वाती वळत ऐकायचं, हे आमच्या आज्यांनी केलंय. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचाही अकरावा अध्याय पाठ असायचा. ती लिहिणारे श्रीधरस्वामी आमच्या बाजूचेच, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. ग्रंथ त्यांनी शके 1640 मध्ये बारामतीत पुरा केला. पोथीला हसणारे लोक मला भेटतात. मी त्यांना एवढंच विचारते, एक पुस्तक तीनशे वर्षं बायकांच्या तोंडात राहतं, तुमच्या कपाटातलं कुठलं राहिलंय?

पोथीमुळं एक उलगडा झाला. जाड पुस्तक बायका वाचत नाहीत, असं मला सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण 'मृत्युंजय' आमच्याकडं कपाटात राहत नाही. शिवाजी सावंतांची कर्णावरची 1967 सालची कादंबरी, हातात धरून मनगट दुखावं एवढी. तरी एका घरातून परस्पर दुसऱ्या घरात जाते, रजिस्टरला नोंद भलत्याच नावावर असते. कारण कर्ण त्यांना पांडवप्रताप या श्रीधरस्वामींच्याच महाभारतावरच्या पोथीतून आधीच माहीत आहे. घर ओळखीचं, फक्त आत कुणी काय काय बोलतं ते ऐकायचंय. त्यात कर्णाबरोबर कुंती बोलते, वृषाली बोलते. गटातल्या एका जाऊबाईंनी तर फक्त कुंतीचा आणि वृषालीचा भाग वाचला आणि पुस्तक परत केलं. मी म्हटलं, बाकीचं? तर म्हणाल्या, "गड्यांचं आमाला रोजच ऐकावं लागतं."

'स्मृतिचित्रे' मी स्वतः पुढं करते, तेवढाच माझा पक्षपात. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळालेली नव्हती, लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलं. त्यांचं हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. नव्वद वर्षं झाली तरी ती बाई समोर बसून बोलतेय असं वाटतं. सोवळ्यापायी बाहेरून आलेला जिन्नस न् जिन्नस धुवायला लावणारे वडील, घरातला पैसा आणि स्वतः कधी कुठं जाईल याचा भरवसा नसलेला नवरा. मग त्या नवऱ्यानं 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला आणि ही एकटी पडली. हे सगळं त्या सांगतात, पण रडत नाहीत. आमच्याकडं बाईचं दुःख सांगायचं म्हणजे पदर डोळ्याला लावूनच सांगायचं असा दंडक आहे. इथं एक बाई आपल्याच फजितीवर हसते आणि नवऱ्यावरचं प्रेमही लपवत नाही. हे वाचून आमच्या बैठकीत जे हशे पिकले ते हप्त्याच्या कुठल्याच बैठकीत पिकले नव्हते. अख्खं पुस्तक मोठं वाटलं तर संक्षिप्त आवृत्ती मिळते, ती द्यावी. वाचून झाल्यावर बायका मोठं मागतात.

बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्ही हमखास घेणार. घ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि पुस्तक 1952 साली आलं, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. शाळेत सगळ्यांना त्यांची एखादी कविता होतीच. पण आमच्या बाईला ती खानदेशी बोली परकी पडते, अधूनमधून अडखळायला होतं. मग ती म्हणते, असलं तर आमची आजी पण जात्यावर म्हणायची. खरंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, सांगणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. बहिणाबाईंचं पुस्तक आमच्याकडं वाचण्यापेक्षा जुन्या बाईला बोलतं करायला जास्त उपयोगी पडलं.

आता जरा अवघड गोष्ट. फलटण आमच्या शेजारचा तालुका, तिथं बेबीताई कांबळे राहायच्या. किराणाचं छोटं दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. महार समाजातल्या जगण्याचं त्यांचं आत्मकथन 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात आलं, मग 1986 ला पुस्तक झालं. मला वाटलं, इतकं जवळचं पुस्तक आहे, हातोहात जाईल. बौद्धवस्तीत गेलंच. तिथं त्याच्या पानांचे कोपरे गळून पडलेत. पण मराठा आळीत ते सतरंजीवरून कुणी उचलेना. कुणी वाईट बोललं नाही, फक्त हात दुसऱ्या पुस्तकाकडं जायचा. मी जबरदस्ती केली नाही, कारण पुस्तक लादलं की संपलं.

ते तिकडं गेलं ते एका नव्या सुनेमुळं. तिनं त्यातला कोवळ्या सुनांच्या छळाचा भाग बैठकीत मोठ्यानं वाचला. महारवाड्यातल्याच सासवा, आणि लेखिका त्यांनाही सोडत नाही. एक म्हातारी ऐकत होती. ती म्हणाली, "सासू सगळ्या आळीत सारखीच गं." नंतर ती जरा थांबून म्हणाली, "पर बाकीचं त्यांनाच सोसावं लागलं." पुस्तक त्या दिवशी नेलं गेलं. यानं गावातली जात गेली असं कृपा करून समजू नका. पाण्याच्या रांगेत काय चालतं ते मला ठाऊक आहे. पण आता ते पुस्तक दोन्हीकडं फिरतं, एवढं खरं.

'बनगरवाडी'चा अनुभव उलटा आला. माडगूळ गाव आटपाडी तालुक्यात, म्हणजे आमच्या लगतच. व्यंकटेश माडगूळकर आमच्या मुलखाचा अभिमान. 1955 ची ती कादंबरी मी मोठ्या हौसेनं काढली. धनगरवाडीवर आलेला कोवळा मास्तर, मेंढरं, कारभारी, सगळं ओळखीचं. तरुण पोरींनी वाचलं आणि म्हणाल्या, ह्यात गडीच लई आहेत. मला राग आला, पण खोटं नव्हतं ते. मग शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते तो भाग वाचला, आणि साठीपुढच्या बायका उसळल्या. त्यांचा 72 चा दुष्काळ सुरू झाला. खडी फोडायला कोण कुठं होतं, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी कशा घशाखाली उतरत नव्हत्या, सुकडीसाठी पोरं कशी थाळ्या घेऊन बसायची. पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. मग मधल्या वयाच्या बायकांनी 2012-13 च्या चारा छावण्यांचं काढलं, जनावरांबरोबर माळावर काढलेल्या रात्री. त्या बैठकीत कर्जाचा ठराव राहून गेला.

त्या उसळलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना वाचता येत नाही. माझा अनुभव असा की पुस्तकाचा प्रचार याच बायका सगळ्यात चांगला करतात. वाचणारी पुस्तक मिटते आणि विसरते. ऐकणारीला ते सबंध ध्यानात ठेवावं लागतं. मग शेतात, लग्नघरी, लेकीच्या गावी ती तेच सांगते, थोडं पदरचं घालून. एकदा शेजारच्या गावातून एक मुलगी 'ती ख्रिश्चन झालेल्या भटजीच्या बायकोची गोष्ट' मागायला आली. तिला ती ज्या आत्यानं सांगितली होती, त्या आत्यांनी आयुष्यात एक अक्षर वाचलेलं नाही.

आमच्याच जिल्ह्यात भिलार हे पुस्तकांचं गाव 2017 मध्ये झालं. गटाची सहल नेली होती. घराघरांत, देवळात, शाळेत कपाटं, बसायला खुर्च्या, बाहेर स्ट्रॉबेरी. बायका खूश झाल्या, फोटो काढले. परतताना गाडीत चर्चा एकच, परकी माणसं घरात येऊन दिवसभर वाचत बसणार, तर त्यांचा चहा कोण करत असेल? मला हे कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमकं वाटलं.

तर पाठवायचं काय? खरं सांगू, पुस्तकांच्या आधी चष्मे पाठवा. चाळिशी उलटली की जवळचं दिसत नाही, आणि आमच्याकडं बाईचा चष्मा ही घरातली शेवटची खरेदी. "मला वाचायचा नाद न्हाई" म्हणणाऱ्या कितीतरी जणींना नाद आहे, अक्षर दिसत नाही एवढंच. पिशवीत मी वेगवेगळ्या नंबरचे तयार चष्मे ठेवते. ते लावून आधी सुईत दोरा ओवला जातो, मग पुस्तकाकडं नजर जाते. डोळे तपासायची सोय करून दिलीत तर फारच उत्तम.

पुस्तकं पाठवणार असाल तर दहा वेगळी पाठवू नका, एकाच्या चार प्रती पाठवा. दोघी जावा एकाच वेळी वाचत असल्या की भांडायला आणि बोलायला विषय मिळतो. टाइप मोठा बघा, बांधणी सुटणार नाही अशी बघा. शिवणकामाची पुस्तकं पाठवलीत तर ती परत येणार नाहीत, तेवढी तयारी ठेवा. मी त्यांची नोंदच ठेवत नाही. आणि तुम्हाला स्वतःला जे पुस्तक आवडलं असेल तेच पाठवा. 'बायकांना झेपेल' म्हणून निवडलेलं पुस्तक पहिल्या पानावर ओळखू येतं. आत एक चिठ्ठी ठेवा, शेजारणीला यातलं काय सांगितलं असतं ते लिहा, अर्धंच. ती चिठ्ठी मी बैठकीत वाचून दाखवीन.

सध्या गटात दोन तट पडलेत. उर्मिला पवारांचं आत्मकथन 'आयदान' पुढच्या बैठकीपासून मोठ्यानं वाचायचं असं पोरींनी ठरवलंय. म्हाताऱ्या म्हणतात, आधी कर्णाचं पुरं करा, मधीच सोडू नये. अध्यक्षबाईंनी विषय ठरावावर घेतलाय, कर्जमागणीच्या खाली.