रजिस्ट्रेशन मेमरी, आठवडा सहावा: पट्टीचा घोळ

रजिस्ट्रेशन मेमरी म्हणजे कीबोर्डवरचा आवाज आणि त्याची सेटिंग्ज एका बटणात साठवून ठेवायची सोय. मागच्या वेळी म्हटलं होतं, तिच्या बत्तीसच्या बत्तीस जागा भरून झाल्या की लिहितो. झाल्या नाहीत. अकराच भरल्यात, आणि त्याही एकदा पुसून पुन्हा.

कीबोर्ड तोच, 61 कीजचा. आठ बँका, प्रत्येकीत चार बटणं. आधी मी आवाजांप्रमाणे लावलं होतं: बँक 1 हार्मोनियमच्या चार तऱ्हा, बँक 2 बासऱ्या. कपाटासारखं नीटनेटकं. पण आमच्या अमळनेरच्या गल्लीत कानबाईचा, म्हणजे खानदेशातल्या देवीचा, जागर असतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रात्रभर गाणी. एक संपेपर्यंत दुसरीने उचललेलं असतं, तिथे बँका चाळत बसायला वेळ कुठला?

त्यात तालमीला फजिती झाली. काकू काळी चारमध्ये गातात, म्हणजे त्यांचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर. मी सगळं पांढरी एकवरून वाजवतो, म्हणून ट्रान्स्पोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय) उणे 4. अंतऱ्याला बासरी हवी म्हणून बटण दाबलं. ती बासरी मी जिभाऊंच्या भजनाला साठवलेली, काळी एक, म्हणजे अधिक 1. मेमरीत नुसता आवाज बसत नाही, ट्रान्स्पोज, टेम्पो, स्प्लिट (डाव्या-उजव्या हाताला वेगळे आवाज), रिव्हर्ब (घुमारा) सगळं बसतं. हे मला पाठ होतं, बोटांना नव्हतं. ओळीच्या मधोमध सूर पाच पायऱ्या वर! काकू थांबल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय व्हयनं रे भाऊ?"

त्या रात्री सगळं पुसलं. आता बँक म्हणजे गाणारा माणूस. बँक 1 काकू, बँक 2 जिभाऊ. बटणांचा क्रम मात्र सगळीकडे एकच: हार्मोनियम, हार्मोनियमखाली स्ट्रिंग्ज, बासरी, शहनाई. गाणारा बदलला तरच बँक बदलायची. ज्यांच्याकडे फ्रीझ (बटण दाबलं तरी ठरावीक सेटिंग बदलू न देणारी सोय) आहे त्यांनी ट्रान्स्पोज गोठवून पाहा, कदाचित एवढा खटाटोप लागणार नाही.

हार्मोनियमचं सांगायचं राहिलं. 1991च्या जनरल मिडी यादीत, म्हणजे कीबोर्डांसाठी ठरवलेल्या क्रमवार यादीत, 128 आवाज आहेत. शहनाई 112, सतार 105, पण हार्मोनियम नाही. जवळचा म्हणजे 21, रीड ऑर्गन. तो एकटा फार गुळगुळीत लागतो. ड्युअलमध्ये (दोन आवाज एकत्र) 22चा अकॉर्डियन अगदी हळू मिसळला तेव्हा भात्याची खरखर आल्यासारखी वाटली. काकूंना चाललं, म्हणजे झालं.

शहनाई सगळ्यांच्या डोक्यावर बसत होती. हेडफोनवर लेव्हल लावली होती ना! मंडळाच्या स्पीकरवर लावून पुन्हा साठवली.

साठवताना मेमरी दाबून धरायची, मग नंबर. मेमरी सुटली तर जुनं सेटिंग येतं आणि तासाभराची जुळवाजुळव जाते. माझी दोनदा गेली. आता लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहून मग हात लावतो.

बँक 3 मावशींची. त्या पट्टी सांगतच नाहीत, सरळ सुरू करतात, आणि रोज वेगळीकडून. तिथे तीनच बटणं भरलीत, ट्रान्स्पोज शून्य ठेवून. त्या गायला लागल्या की पहिल्या ओळीत सा शोधतो आणि डाव्या हाताने ट्रान्स्पोजची बटणं मारत बसतो. काल चौथ्या ओळीला सापडला.