तुम्ही विचारलंत म्हणून: टॉवर का सोडले?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणजे इमारत उभी कशी राहणार याचा हिशेब करणारा; मुंबईचं काम सोडून कोल्हापुरात आलोय. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बँकेच्या रांगेत विचारला गेलाय, आणि एकदा तर राजारामपुरीत दाढी करून घेताना, वस्तरा गळ्यावर असताना. "मुंबईत पन्नास मजली टॉवर करत हुतासा न्हवं? मग हितं काय करालायसा?"

विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं. काहीतरी लफडं झालं असणार, नाहीतर जमलं नसणार. मी मात्र माणूस बघून उत्तर देत आलो. कुणाला आईची तब्येत सांगितली, ती खरी होती. कुणाला लोकलचा प्रवास सांगितला, तो अर्धा खरा होता. एका मामांना हवा मानवत नाही असं सांगून मोकळा झालो. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत जिलेबी तरी सुखानं खाता येईल.

आधी एक गोष्ट. कोल्हापुरातलं काम म्हणजे पोरखेळ, हे डोक्यातून काढा. सात मजल्यांची इमारत घ्या. खाली सगळं पार्किंग, नुसते कॉलम. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती. भूकंपात भिंतींनी ताठ झालेला वरचा भाग एकसंध हलतो आणि सगळा मार खालच्या मोकळ्या कॉलमवर येतो. 26 जानेवारी 2001 ला भूकंप झाला कच्छमध्ये, आणि तिथून दोनशेहून जास्त किलोमीटरवर अहमदाबादेत अशाच इमारती खाली बसल्या. 2016 च्या कोडातल्या भूकंपाच्या नकाशात आपला जिल्हा झोन तीनमध्ये, कोयना झोन चारमध्ये; आकडा मोठा तेवढा धोका जास्त. कोयनेच्या भूकंपाची, 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवणारी माणसं अजून आहेत. तरी मला साइटवर, कॉलमच्या उभ्या सळ्यांना कवटाळणाऱ्या रिंगांच्या हुकावरून रोज भांडावं लागतं. हुक 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवायचा असतो. सळ्या बांधणारा फिटर 90 अंशांत वळवतो, कारण ते पटकन होतं. भूकंपात कॉलमचं वरचं काँक्रीटचं कव्हर उडालं की तो हुक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळ्या बाहेर फाकतात. त्यात नदीकडच्या भागात ओली झाली की फुगणारी काळी माती, आणि 2019 सारखा पूर. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलं होतं. अशा जागेचं फाउंडेशन कुठं टेकवायचं यावर मी जेवढा विचार करतो, तेवढा मुंबईत एखाद्या पूर्ण पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या पसरट मजल्यांवर, केला नसेल.

हे सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा म्हणतो, "ते बरोबर हो, पण टॉवर ते टॉवर."

खरं आहे. टॉवर ते टॉवरच. इथं माझा बचाव संपतो.

भूकंप सोडला तर सात मजल्यांत वजन जमिनीपर्यंत सुखरूप पोचवायचं, एवढंच मुख्य काम असतं. पुढं उंची वाढत गेली की वजन मागं पडतं आणि वारा मालक होतो. काँक्रीटचा भारतीय कोड, आयएस 456 सांगतं, वाऱ्यानं माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये. म्हणजे 150 मीटरच्या टॉवरचा माथा 30 सेंटिमीटर सरकला तरी नियमात बसतं. हे मी एका पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं, तर त्यांनी ठाण्यातला विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा बेत रद्द केला. खरी गंमत पुढं आहे. वारा इमारतीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीनं भोवरे सोडतो, त्यामुळं इमारत वाऱ्याच्या दिशेला आडवी डोलायला लागते. बुर्ज खलिफाचा आकार वर जाता जाता सारखा बदलतो तो शोभेसाठी नव्हे. त्या भोवऱ्यांना 828 मीटरभर एक लय सापडू नये म्हणून. सांगलीला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात असताना मी ढाक्याच्या फजलूर खान या इंजिनिअरबद्दल वाचलं होतं. इमारतीचे बाहेरचे कॉलम जवळजवळ आणून सगळी इमारतच एक पोकळ नळी करायची, ही त्यांची कल्पना. त्यातून शिकागोत 442 मीटरचा सिअर्स टॉवर उभा राहिला. ते वाचल्यावर मला दुसरं काही करायचंच नव्हतं. आणि मी ते केलं, बरीच वर्षं केलं, चांगलं केलं. जमलं नसणार म्हणणाऱ्यांनी एवढं वाचावं.

आता ती गोष्ट.

एका टॉवरचं काम माझ्याकडं होतं. खालच्या मजल्यांच्या शिअर वॉलला, म्हणजे वाऱ्याचा जोर घेणाऱ्या भिंतींना, एम 60 हे जास्त ताकदीचं काँक्रीट. प्रत्येक वेळी ओतताना त्याच काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे क्यूब भरायचे आणि ताकद बघायला 28 दिवसांनी लॅबमध्ये फोडायचे, ही पद्धत. पण अॅल्युमिनियमच्या शटरिंगवर आठवड्याला एक स्लॅब पडतो. म्हणजे खालची भिंत नापास आहे हे कळेपर्यंत वर चार मजले चढलेले असतात. तसंच झालं. पार्किंगच्या पातळीवरच्या एका भिंतीचे क्यूब कमी आले. काँक्रीटची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून मिक्सरमध्ये पाणी मारलं, असं साइटवर कुजबुजत होते. सिद्ध काहीच झालं नाही.

मग भिंतीला भोक पाडून त्यातून कोर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढले. कोरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही 75 च्या खाली नको. 75 च्या खाली एकही नव्हता, पण सरासरी 85 पर्यंत पोचत नव्हती. मी जॅकेटिंग सुचवलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना 100-100 मिलिमीटर नवं काँक्रीट, नवी सळी. त्यात सात गाड्यांची जागा जाणार होती, आणि त्या जागा विकून झाल्या होत्या.

मीटिंगला बिल्डरची माणसं, आर्किटेक्ट, ठेकेदार, आणि आमचे सर. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे सगळं शिकलो ते. सर शांतपणे म्हणाले, "कोरमध्ये जी स्ट्रेंग्थ मिळाली तीच धरून कॉम्प्युटरवर मॉडेल पुन्हा रन करू. बसलं तर बसलं."

मी म्हणालो, "सर, बसेलच. आपण हिशेबात जास्तीची ताकद ठेवलेलीच असते. पण ती आपल्याला न कळलेल्या गोष्टींसाठी असते. कळलेली खोट त्यात जिरवायची का?"

"कोड तसं करायला परवानगी देतं."

"देतं. पण भिंत चालेल असं सांगणाऱ्या पत्रावर मी सही करणार नाही."

हे मी क्लायंटच्या समोर बोललो. खोलीत कुणीच काही म्हणालं नाही. ठेकेदार मोबाइलकडं बघत होता. सरांनी समोरची फाइल मिटली आणि चहा मागवला. माझ्या कपात साखर किती हे त्यांना माहीत होतं, तरी शिपायानं विचारल्यावर ते म्हणाले, "त्यांनाच विचार." सर मला कधी 'त्यांना' म्हणत नसत.

मॉडेल रन झालं. बसलं. पत्र सरांच्या सहीनं गेलं. मला ओरडले नाहीत, काढलं नाही, फक्त तो प्रोजेक्ट दुसऱ्याकडं दिला आणि मला एका हॉस्पिटलच्या विस्ताराचं काम दिलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत मी राजीनामा दिला. सरांच्या निवृत्तीचा समारंभ झाल्याचं मला एका ज्युनिअरनं टाकलेल्या फोटोवरून कळलं.

ती इमारत आज उभी आहे. लोक राहतात. भिंतीला एक तडा नाही, मी बघून आलोय.

आता यावर माझं माझ्याशीच भांडण आहे. तेव्हा मला मी न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प टॉवरवाला इंजिनिअर ले मेझुरिए वाटत होतो. 1978 साली त्यांना कळलं की आपल्या नव्याकोऱ्या टॉवरचे जोड बोल्टचे झालेत आणि तिरक्या वाऱ्याला ते पुरणार नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं आणि रात्री-रात्री वेल्डिंग करून घेतलं. काय तो माणूस, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. पण त्यात काम करणाऱ्या लोकांना आणि शहरातल्या सामान्य माणसांना ती गोष्ट 1995 पर्यंत कळलीच नव्हती, हे ऐकवत नव्हतो. आणि माझ्या भिंतीचं म्हणाल तर काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी थांबत नाही, पुढंही थोडी वाढते. सरांचा हिशेब मी नंतर दोनदा तपासला, त्यात चूक नाही. मग मी अडलो कशासाठी? सात गाड्यांच्या जागेसाठी सरांनी माघार घेतली म्हणून? की क्लायंटसमोर मला बाजूला सारलं म्हणून? एकेकाळी मी छातीठोक सांगितलं असतं की तत्त्वासाठी. आज तेवढ्या जोरात सांगवत नाही. पण पुन्हा ते पत्र समोर आलं तर सही मी करणार नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही एकत्र कसं बसतं ते मला विचारू नका.

कुणी कुणी विचारतात, घाबरून आलात का? घाबरण्यात कमीपणा असेल तर आपल्या न्यू पॅलेसचा आराखडा करणारे मेजर मँट आठवा. टाउन हॉलही त्यांचाच. आपले हिशेब चुकलेत आणि बांधलेलं सगळं कोसळणार, या धास्तीनं त्यांना वेड लागलं असं सांगतात. ते 1881 मध्ये गेले. पॅलेस 1884 मध्ये पुरा झाला, आणि पर्यटक त्याच्यासमोर अजून सेल्फी काढतात. मला वेड लागलेलं नाही. झोप मात्र मुंबईत लागत नव्हती, इथं लागते. पुराच्या आठवड्यात नाही लागत, ते वेगळं.

म्हणजे टॉवरची हौस फिटली म्हणायची? तेही नाही. 2020 च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर आपल्याकडंही उंचीची भाषा सुरू झालीय. मागच्या महिन्यात एक बिल्डर आले. पंधराच्या वर मजले, पोडियम धरून 50 मीटरच्या पुढं. म्हणजे उंच इमारतींचा आयएस 16700 लागू. मी फी न विचारताच हो म्हणालो. बायकोनं नुसतं बघितलं.

नेमणुकीच्या पत्रात मी एक अट घातलीय. क्यूबचे निकाल लॅबकडून थेट माझ्याकडं यायचे, आणि 7 दिवसांचा निकाल ठरलेल्या आकड्याखाली आला तर पुढचा स्लॅब थांबवायचा. त्यांचा माणूस म्हणाला, "साहेब, असलं कोण लिहून देतंय का?" पत्र त्यांच्या टेबलावर पडून आहे, सही झालेली नाही. मी मात्र कॉलमची ग्रिड लावायला घेतलीय.