मिस्टेक खानापूर

दहावीच्या बॅचचा मेळावा ठरला आणि ग्रुपवर विषय निघाला, आपल्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तो कुठला होता? फोटो एकाकडेही नाही. त्या काळी कॅमेरा लग्नालाच बाहेर निघायचा. खानापूरच्या दोस्ताने ठोकून दिलं, "स्पेक्ट्रम गा तो. टीव्हीला जोडायचे की." लगेच खाली अंगठ्यांची रांग लागली.

मलाही आधी तेच वाटलं. पण बेळगावच्या खडेबाजारात इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीत तीस वर्षं काढलीत. गिऱ्हाईक नुसतं "काळा डबा, हिरवा दिवा" एवढं सांगतं आणि आपण मॉडेल ओळखायचं. म्हटलं, आता आपणच गिऱ्हाईक होऊन बघू.

साल आधी पक्कं केलं. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधात आंदोलन पेटलं होतं. कॉम्प्युटरची खोकी त्यानंतर आली, कारण त्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही त्या यंत्राची पूजा केली होती. झेंडूची माळ, वर हळद-कुंकू आणि मागून सर ओरडतायत, "अरे, पाणी शिंपडू नका त्याच्यावर!"

मग दुकानाच्या पावतीबुकाच्या पाठीवर आठवेल ते लिहून काढलं. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच बदामी डब्यात. बटणं काळी, पण सगळ्यात वर लाल बटणांची एक रांग. तिच्यावर पारदर्शक पट्टी, तिच्याखाली सर कागदाची चिठ्ठी सरकवायचे. चालू केला की दोन सूर, आधी जाड लांबलेला, मग बारीक. आणि डब्यावर ठिपक्यांची रांगोळी. या शेवटच्या ओळीवर मीच काट मारली. पूजेची आठवण कॉम्प्युटरच्या आठवणीत मिसळली असणार, असं वाटलं.

स्पेक्ट्रम लवकर बाद झाला. त्यावर 'पी' दाबला की अख्खं 'प्रिंट' उमटायचं. आम्ही तर एकेक अक्षर हुडकत बसायचो, 'आर' सापडेपर्यंत मागच्याचा धक्का बसायचा. कमोडोर ६४ चालू झाल्यावर 'रेडी' म्हणतो. आमच्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला नुसता एक बाण असायचा. आयबीएमच्या घाटाचे पीसी मी पुढे ढिगाने उघडले, त्यांपैकी एकही आमच्या डब्यासारखा टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम घेणारा नव्हता.

टेपची मात्र मजा आठवली. प्रोग्रॅम चढत असताना पडद्यावर नाव आणि पुढे आकडा वाढत जायचा. ०७, ०८, ०९, आणि मग १० यायच्या ऐवजी ०ए! यंत्र बिघडलं म्हणून आम्ही सरांना हाका मारल्या होत्या. ती सोळाची मोजणी होती, हे कळायला मला आयटीआयपर्यंत थांबावं लागलं. आवाजाच्या आज्ञेत चार आकडे असायचे, त्यातला दुसरा उणे पंधरा. उणे, आणि तरी आवाज सगळ्यात मोठा. गणितात कच्च्या असलेल्या माझ्यासारख्याला तो अन्यायच वाटायचा.

एवढं जमूनही नाव काही येईना. रात्री दोस्ताला फोन लावायला घेतला आणि पडद्याकडे बघतच राहिलो. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव 'मिस्टेक खानापूर' असं आहे. चाळीस वर्षं आम्ही त्याला मिस्टेक म्हणतो. का? तर पहिल्याच तासाला त्याने कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाईप केलं आणि खाली उत्तर आलं, 'मिस्टेक'.

इथे कुलूप उघडलं. अशा वेळी बाकीची बरीच यंत्रं 'सिंटॅक्स एरर' म्हणायची. स्पेक्ट्रम चुकीच्या जागी नुसतं लुकलुकणारं प्रश्नचिन्ह ठेवायचा. सरळ 'मिस्टेक' म्हणून मोकळं होणारं बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, होतं बीबीसी मायक्रोचं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये बीबीसीच्या संगणक-साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी केलेला कॉम्प्युटर. त्यातल्या मॉडेल बी-मध्ये ६५०२ प्रोसेसर आणि ३२ केबी मेमरी. आपल्याकडे १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाची सरकारी योजना सुरू झाली, तिच्यातून हा आला.

नेटवर बीबीसी मायक्रोचा फोटो शोधून बघितला. लाल बटणं, पट्टी, सगळं जागेवर. आणि डब्यावर ठिपके. रांगोळी नव्हेच ती, घुबड! ठिपक्या-ठिपक्यांचं घुबड, बीबीसीच्या त्या कार्यक्रमाचं चिन्ह. म्हणजे खंडेनवमीला आम्ही झेंडूची माळ घालून, कुंकू लावून घुबड पुजलं होतं. काट मारलेली ओळ परत लिहिली.

पुढे एक पाचर होतीच. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हाच कॉम्प्युटर भारतात 'युनिकॉर्न' नावाने काढला होता. पण युनिकॉर्न हा शब्द माझ्या डोक्यात कुठेच नाही, घुबड आहे. मी आमचा डबा बाहेरून आलेलाच धरतो. कुणाकडे जुनं बिल निघालं तर बघू.

दोस्ताला फोन लावला.

"बीबीसी? रेडिओवाली?"

"व्हय. ऐक."

ब्राउझरमध्ये त्याची नक्कल चालते, ती चालू करून फोन स्पीकरला लावला. जाड सूर, बारीक सूर. पलीकडे काही वेळ नुसता श्वास.

"माझं नाव टाक बघू," तो म्हणाला.

टाकलं. एंटर मारला. त्याला वाचून दाखवायची गरजच पडली नाही, मी हसायला लागलो तेव्हाच त्याने ओळखलं.