व्हॉल्व्ह राहिला

स्मरणिकेवाल्यांचा मेसेज आला, शाळेच्या आठवणी सांगोपांग लिहून पाठवा, शब्दमर्यादा २५०. मी एकटाच हसत बसलो, बायको म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही, आमचे मराठीचे सर आठवले.

आठवीत सरांनी विचारलेलं सांगोपांग म्हणजे काय, तर आमच्या बेंचवरनं उत्तर गेलं, "सगळं सांगून टाकायचं ते सांगोपांग, सर." आणि आम्ही सांगलीचे, म्हणजे हक्कच की! सरांनी फळ्यावर फोड लिहिली, स, अंग, उपांग. सगळ्या अंगा-उपांगांसकट. 'सांगणे'शी काही नातं नाही. वेदांची सहा अंगं, शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद, ज्योतिष, ती धरून वेद शिकला तर सांगोपांग शिकला. पूजा यथासांग झाली म्हणतो त्यातही हेच अंग (आमची आजी 'येथासांग' म्हणायची). साद्यंत म्हणजे आदीपासून अंतापर्यंत, तिथं क्रम आला, सांगोपांगमध्ये क्रम कसाही असू दे, भाग सुटायला नको.

मग गृहपाठ, आपल्या सायकलचं सांगोपांग वर्णन. मी दोन पानं भरली, वडलांनी सेकंडहँड कुठनं आणली, चेन कशी पडते, कॅरियरला कसली दोरी बांधलीय, अगदी घंटीचा आवाजसुद्धा. सरांनी खाली लाल पेनानं एवढंच लिहिलं, "हवा कुठून भरायची?" आणि दोरीच्या चार ओळींवर काट मारून शेजारी, "पाल्हाळ."

राग आला होता, खरं सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टात पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमची पिठाची गिरणीपण बुडाली. चिखल उपसून झाल्यावर विम्यासाठी यादी करायला बसलो, गिरणी, मोटर, पट्टा, चाळण्या, वजनकाटा, गिऱ्हाइकांचे डबे, सगळं लिहिलं, सहीपण केली आणि भिंतीवरचा स्टार्टर राहिला. पैसे यादीतल्याचेच मिळाले. भिंतीवर त्या खोक्याचा चौकोनी डाग तेवढा राहिलेला, तो बघितला आणि लाल पेन आठवलं.

आता हे वाचून बघतोय तर गेटवरच्या भडंगच्या गाडीबद्दल एक शब्द नाही. पण समितीनं शब्द मोजलेत.